एकोणीस तक्ते

दिवाळीची सुट्टी संपून शेजारच्या खोल्यांतले कामगार गावाहून परतू लागले, की विश्राम पागधरे आपलं टेबल रिकामं करायचा. शिकवणीचे कागद, रक्तदाबाच्या गोळ्या, विजेची बिलं, सगळं कॉटवर जायचं आणि तो स्वतः तीन आठवडे जमिनीवर झोपायचा. टेबलावर मोठा कागद पसरलेला असायचा. त्यावर दांडीच्या खाडीचं पुढच्या वर्षाचं पाणी उतरायचं. तीनशे पासष्ट दिवस, रोजच्या दोन भरत्या, दोन ओहोट्या, प्रत्येकीची वेळ आणि उंची.

बोईसरला नवापूर नाक्याच्या आत त्याची ही खोली. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसायची. समोरच्या खोलीतल्या फिटरची बरीच वर्षं अशी समजूत होती की सर पत्रिका बनवतात. त्याने एकदा दारातून विचारलंही होतं, "सर, हमारे लड़के की भी एक बना दीजिए. नौकरी का देखना है."

"ये समुंदर की है," विश्राम म्हणाला होता.

फिटरने थोडा विचार केला. "उसका तो अच्छा ही चल रहा होगा," असं म्हणून तो कामावर गेला.

विश्राम दांडीचा, बोईसरजवळच्या मच्छीमार गावातला. बाप तांडेल, म्हणजे होडीचा कप्तान. आजाही तांडेल. पण विश्रामला होडी लागायची. खाडीचं तोंड ओलांडलं की तो होडीच्या काठावर वाकून ओकत राहायचा. तांडेलाच्या घरात हे म्हणजे सुताराच्या पोराला करवतीची भीती वाटण्यासारखं. चौथ्या-पाचव्या खेपेला बापाने त्याला किनाऱ्यावर उतरवलं आणि आईला सांगितलं, "याला पाटी द्या." धाकटा कमलाकांत होडीवर चढला, विश्राम शाळेत गेला. तिथून तारापूर, पालघर, मुंबई असा तो लांब लांब जात राहिला. एमएस्सीनंतर त्याने दोन वर्षं एकाच विषयावर घालवली. 'जवळजवळ आवर्ती फलनं' हे त्याच्या प्रबंधिकेचं नाव. ती विद्यापीठाच्या कुठल्या तरी कपाटात असेल.

त्यानंतर पस्तीस वर्षं त्याने तासांच्या हिशोबाने शिकवलं. आज या कॉलेजात, पुढच्या वर्षी त्या. नेमणूक कायम व्हायची वाट बघताना लग्नाचं वय उलटून गेलं. मुलांना त्याने अवकलन शिकवलं, संकलन शिकवलं, परीक्षेत काय येतं आणि काय येत नाही ते शिकवलं. जवळजवळ आवर्ती फलन कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हतं. ते काय असतं, असं त्याला कधी कोणी विचारलं नाही, आणि न विचारता सांगावं असा त्याचा स्वभाव नव्हता.

विचारलं असतं तर कमलाकांतनेच. पण त्याची विचारायची पद्धत वेगळी होती. वीस वर्षांपूर्वी एका दुपारी अंगणात जाळं शिवता शिवता तो म्हणाला, "दादा, तू एवडा शिकलास. आमच्या काय कामाचा?"

"तुला काय हवंय?"

"पाणी सांग. बाबा सांगायचे तसं नाय, नीट."

बाबा सांगायचे तो हिशोब साऱ्या किनाऱ्याला पाठ आहे. तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. दांडीच्या खाडीत पाणी त्याहून जरा उशिरा चढतं, तर वर अर्धा तास धरा. एवढ्यावर पिढ्यांनी होड्या आत-बाहेर केल्या. पण त्यात चूक एखाद्या तासाचीही होते, आणि पाणी किती चढेल हे तर त्यातून कळतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासचं मोठं पाणी, उधाण, एका महिन्यात वाळत घातलेल्या बोंबलांना शिवत नाही आणि दुसऱ्या महिन्यात मांडवाच्या बांबूला लागतं. कमलाकांतला ते हवं होतं.

विश्रामने एक लोखंडी पाइप आणला, त्यावर पांढऱ्या-लाल रंगाने आकडे घातले आणि दोघा भावांनी तो खाडीच्या तोंडाशी खडकात रोवला. दोन हजार सहाचं अख्खं वर्ष त्यावरचं पाणी लिहिलं गेलं. सुट्टीच्या दिवशी विश्राम लिहायचा. एरवी कमलाकांत, आणि तो समुद्रात असला तर त्याची बायको. शाळेच्या चौकटीच्या वह्यांमध्ये, माशाच्या खवल्यांसकट. त्या आकड्यांमधून विश्रामने खाडीचं पाणी सात लाटांमध्ये उलगडलं. चंद्राची एक, सूर्याची एक, चंद्र जवळ येतो-लांब जातो त्याची एक, अशा सात. प्रत्येकीचा वेग ठरलेला. त्यांची बेरीज केली की दांडीचं पाणी. दोन हजार सातचा तक्ता मच्छीमार संस्थेने छापला आणि घरोघर लावला. मोबाइल आल्यावर लोक त्यात बघू लागले, पण त्यात वेळ यायची मुंबईच्या बंदराची. दांडीचं पाणी फक्त त्या तक्त्यात होतं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी संस्थेची सभा असे. विश्राम गुंडाळी घेऊन यायचा, लोक त्याला नारळ द्यायचे, चहा व्हायचा, वामन तांडेल दर वर्षी तोच प्रश्न विचारायचा की होळीचं पाणी कसं आहे, आणि विश्राम बोट ठेवून दाखवायचा. मग भावाच्या घरी जेवण. सहा वर्षांपूर्वी कमलाकांत गेला. हृदय बंद पडलं, होडी काठाला लागल्यावर. त्यानंतरही पुतण्या सुजीतच्या घरी जेवण चालू राहिलं, कारण तक्ता चालू होता. वर्षातला हा एक दिवस असा असे की दांडीत कोणीतरी म्हणे, मास्तर आले.

यंदा टेबल रिकामं करून आठ दिवस झाले होते, तेव्हा सुजीतचा फोन आला.

"काका, जेवलात?"

"जेवलो. बोल."

"ऐका ना. यंदा तक्ता काडू नका. तरास घेऊ नका."

विश्रामच्या हातात पेन्सिल होती. तो मार्चपर्यंत आला होता.

"रखमाआत्येच्या कपाटाच्या दारावर आतून जुना तक्ता चिकटवलेला हाय," सुजीत सांगू लागला. "दोन हजार सातचा. आत्येने बगितलं, तिथ्या सगल्या जुळतात. तीन जानेवारीला तवा पुनव, येत्या सव्वीस सालीबी पुनव. अधिक महिना तवाबी जेठ, आताबी जेठ, सुरू पण एकाच तारखेला, सतरा मे. धीरज बोलतो, फिरून तेच वर्ष आलंय तर तोच छापू. उगा तुमाला या वयात कशाला."

"धीरज कोण, संस्थेचा अध्यक्ष झालेला?"

"तोच. तुमी सभेला या पण. ते काय ते तुमीच सांगा सगल्यांना. चालंल का नाय ते."

विश्रामने फोन ठेवला. मग त्याने कपाटाच्या वरच्या खणातून दोन हजार सातची वही काढली. एकोणीस वर्षांनी तिथ्या पुन्हा त्याच तारखांवर येतात हे त्याला माहीत होतं. प्रत्येक पंचांगवाल्याला माहीत असतं. पण तिथी येते म्हणजे पाणी येत नाही. पाण्यात तिथीखेरीज आणखीही आहे. चंद्र त्या दिवशी जवळ आहे की लांब, हे एकोणीस वर्षांनी पुरतं जुळत नाही. फरक पडणार. किती पडणार, तेवढंच बघायचं होतं.

त्याने यंदाचा तक्ता भराभर पुरा केला. रोज सकाळपासून, शिकवणीची दोन मुलं येऊन जायची तेवढा वेळ सोडून. मग दोन्ही वर्षं शेजारी ठेवून ओळीने फरक काढत गेला. सात मिनिटं. बारा मिनिटं. चार बोटं पाणी. एक बोट. एकोणीस मिनिटं. कुठेतरी तासाचा फरक निघेल, एखाद्या उधाणाला हातभर पाणी जास्त निघेल, असं मनात धरून तो पानं उलटत होता. मे संपला, पावसाळा संपला, दिवाळी आली. सबंध वर्षात वेळेचा सर्वांत मोठा फरक सव्वीस मिनिटं आणि उंचीचा एक वीत. त्याने पुन्हा तपासलं. आयुष्यभर उत्तर बरोबर यावं म्हणून तपासत आलेला माणूस, या वेळी चुकावं म्हणून तपासत होता. दुसऱ्यांदाही सव्वीस मिनिटं आणि एक वीत.

रविवारी तो बोईसरहून दांडीच्या एसटीत बसला. मांडीवर दोन गुंडाळ्या होत्या, जुना तक्ता आणि नवा. गाडी कारखान्यांची वस्ती मागे टाकून तारापूरच्या बाजूला वळली, वाड्या सुरू झाल्या, आणि तो बोलायच्या वाक्याची जुळवाजुळव करत राहिला. वाक्य अवघड नव्हतं. "उधाणाच्या दिवसांत जुन्या तक्त्याचा भरवसा नाही." एवढं म्हटलं की पुरे. त्यात खोटंही फार नव्हतं, वीतभर फरक होताच. एकोणीस वर्षांत त्याचा आकडा कोणी तपासला नव्हता, यंदाही तपासला नसता. मान हलवली असती, नवा तक्ता छापला असता, वामन तांडेलाने होळीचं विचारलं असतं. पुढच्या डिसेंबरलाही.

दुसरं वाक्य त्याच्याजवळ नव्हतं.

संस्थेच्या खोलीत पंचवीस-तीस माणसं होती. बायका दाराशी, सारं गाव जिला आत्या म्हणतं ती रखमा पुढे. तिच्या बोंबलांच्या मांडवापर्यंत पाणी येतं तेव्हा आधी तिला कळतं, म्हणून सभेत तिचा शब्द चालतो. टेबलाशी धीरज. तिशीतला, स्वच्छ शर्ट, डिप्लोमा केलेला. टेबलावर रखमाच्या कपाटावरून सोडवलेला तक्ता, कडा फाटलेल्या, पिवळा पडलेला.

"या काका, बसा," धीरज म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो. आमचं म्हणणं सुजीतने सांगितलंच असेल. मला एकच कळत नाही. एकोणीस वर्षांनी सगळं फिरून तिथेच आलं, तर तुम्ही दर वर्षी नव्याने काय काढत होता?"

तो टोमणा नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं. विश्रामच्या लक्षात आलं की हा प्रश्न त्याला पहिल्यांदाच कोणीतरी विचारतोय.

"तिथेच आलं नाही," तो म्हणाला. "जवळपास आलं. सांगू का? थोडा वेळ लागेल."

"सांगा की. रविवार हाय," जिवल्या म्हणाला. जिवल्या सुजीतच्या होडीवरचा खलाशी, सभेला फक्त चहासाठी येणारा. "मासली गेली, आता गणित तरी पदरात पडू दे."

विश्राम उभा राहिला. वर्गात उभा राहायचा तसा नाही, जरा वाकून, टेबलाला हात टेकून.

"गणितात फलन म्हणून एक असतं. तुम्ही मला वेळ सांगायची, मी तुम्हाला पाणी सांगायचं. एका वेळेला एकच उत्तर. एवढंच फलन. आता समजा, खाडीत दोन होड्या नांगरल्यात. एक लहान, एक मोठी. लहान दोन सेकंदांत एक झोका घेते, मोठी तीन सेकंदांत. आत्ता या घटकेला दोघीही पार किनाऱ्याकडे कलल्यात. पुन्हा दोघी एकदम अशा कधी कलतील?"

"सहा सेकंदांनी," जिवल्या म्हणाला, आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघितल्यावर, "काय? पाडे येतात मला."

"बरोबर. लहानीचे तीन झोके, मोठीचे दोन. दर सहा सेकंदांनी तेच, अगदी तेच. याला आवर्ती म्हणतात. पण आता मोठीचा झोका असा आडनिड्या वेळाचा आहे की लहानीचे कितीही झोके मोजा, हजार मोजा, लाख मोजा, मोठीच्या पूर्ण झोक्यांशी कधी नेमके जुळतच नाहीत. असे आकडे असतात. मग त्या पुन्हा एकदम तशाच कधी कलतील?"

"मग कदीच नाय," सुजीत म्हणाला.

"अगदी तशा कधीच नाही. आणि जवळजवळ तशा?"

वामन तांडेल भिंतीला टेकून बसला होता. ऐंशीला आलेला, एका डोळ्याने अधू. "जवलजवल तर होतीलच की," तो म्हणाला. "जन्म गेला होड्या बगण्यात. थोडं थांबलं की होतात."

"किती थांबायचं, तांडेल?"

"ते तू सांग. मास्तर तू का मी?"

लोक हसले. विश्रामही हसला, आणि त्याला जाणवलं की आपला आवाज मोकळा झालाय.

"तेच तर आहे. ते मी एकटा सांगू शकत नाही. आधी तुम्ही सांगायचं की किती फरक चालेल. हातभर? वीतभर? बोटभर? तुम्ही फरक सांगितलात की मी मुदत सांगतो. कुठल्याही दिवसापासून मोजायला लागा, त्या मुदतीच्या आत एक तरी असा टप्पा सापडतोच, की तेवढं अंतर पुढे गेलं की सगळी चाल पुन्हा मागच्यासारखी होते. एखादा क्षण नाही, सगळी चाल. मागच्यावर पुढचं ठेवून बघा, कुठेही तुमच्या फरकापेक्षा जास्त फरक सापडणार नाही. हातभर फरक चालवाल तर टप्पा लवकर सापडेल. बोटभरच पाहिजे म्हणाल तर फार थांबावं लागेल. पण मुदत असतेच, हे त्यातलं मुख्य. फक्त शून्य फरक मागू नका. शून्य मागितलात तर काठावर बसून राहाल आणि त्या होड्या काही तशा कलायच्या नाहीत."

"आनि आपलं पाणी तसं?" रखमाने विचारलं.

"आपलं पाणी तसंच, आत्ये. दोन होड्या नाहीत, माझ्या हिशोबात सात. याला नाव आहे, जवळजवळ आवर्ती फलन. मी दोन वर्षं हेच शिकलो."

"दोन वर्षं?" जिवल्या म्हणाला. "आमाला चहा यायच्या आत कळलं."

पुन्हा हशा झाला. विश्रामला त्याचं काहीच वाटलं नाही. उलट पस्तीस वर्षांत एवढे चेहरे एकदम त्याच्याकडे असे वळले नव्हते. त्याला वाटलं, इथेच थांबावं. पण रखमा थांबली नव्हती. ती मनात काहीतरी जुळवत होती, आणि तिने ते सावकाश, एकेक सुटं करून बोलून दाखवलं.

"म्हनजे बग. किती फरक चालतो ते आमी सांगायचं. तो सांगितला की तुझं गणित बोलणार, कदी पुन्हा तेच पाणी. मग हे एकोणीस वर्षांचं. यात फरक किती पडतो?"

खोलीत कोणीतरी चहाचे कप मांडत होतं. एसटीत जुळवलेलं वाक्य विश्रामच्या तोंडात तयार होतं. त्याने रखमाकडे बघितलं. तिने प्रश्न इतका नीट विचारला होता की त्याच्या मार्गदर्शकानेही त्याला तोंडी परीक्षेत याहून नीट विचारला नव्हता.

"वेळेत जास्तीत जास्त सव्वीस मिनिटं," तो म्हणाला. "पाण्यात एक वीत."

"वीतभर?" वामन तांडेल म्हणाला. "वाऱ्याने पाणी त्याहून जास्त चढतं-उतरतं. आनि अर्दा तास कोन बगतो? तांडेल पाणी बगून होडी सोडतो."

"माजा मांडव हातभर वर हाय," रखमा म्हणाली.

धीरजने विचारलं, "मग काका, चालेल का जुना?"

सगळ्यांच्या माना त्याच्याकडे होत्या. नव्या तक्त्याची गुंडाळी काखेत होती, घामाने जराशी मऊ झालेली.

"चालेल," विश्राम म्हणाला.

 मग धीरजने वहीत लिहिलं, आणि जिवल्या म्हणाला, "मास्तर, स्वतःच्याच होडीला भोक पाडलंत की."

"गप रे," सुजीत म्हणाला.

पण धीरज अजून लिहीत होता. त्याने मान वर केली. "आणि पुढल्या वर्षी? दोन हजार सत्तावीसला दोन हजार आठचा?"

"हो."

"मग अठ्ठावीसला नऊचा. तुमचे तक्ते सगळे आहेत ना? सातपासून पंचवीसपर्यंत."

"आहेत. एकोणीस."

"म्हणजे फेरा पुरा झाला," धीरज म्हणाला. त्याला ते आवडलं. चांगल्या यंत्राचा शेवटचा भाग बसल्यावर माणसाला आवडतं तसं.

विश्रामने कागद मागितला. सगळी वर्षं सरळ जुळत नाहीत, हे त्यालाच सांगावं लागणार होतं. सात आणि सव्वीस दोन्ही साधी वर्षं, म्हणून तारखा जुळल्या. आठ हे लीप वर्ष, सत्तावीस नाही, तेव्हा मार्चपासून जुना तक्ता एक दिवस सरकवून वाचायचा. प्रत्येक वर्षासमोर कुठला तक्ता घ्यायचा आणि कधी एक दिवस सरकायचं, हे त्याने दोन हजार चव्वेचाळीसपर्यंत लिहून दिलं. खाली लिहिलं की दुसऱ्या फेऱ्याला फरक दुप्पट होईल, तेव्हा नव्याने काढावा. अक्षर सुबक काढलं, म्हणजे कोणाला काही विचारायला नको.

"पंचेचाळीस साली बघू," धीरज हसून म्हणाला. विश्रामने मनात वय मोजलं. ब्याऐंशी.

नारळ त्यांनी यंदाही दिला. सुजीतच्या घरी जेवण झालं, त्याची बायको रिद्धी दोनदा भात वाढायला आली, मुलं टीव्ही बघत होती. निघताना रस्त्यात रखमा भेटली. वाळलेल्या बोंबलांची पिशवी तिने त्याच्या हातात दिली.

"चांगलं सांगितलंस," ती म्हणाली. "कमलाकांत असता तर त्याला आवडलं असतं."

"हं."

"आता कदी येशील?"

"येईन की."

"कशाला?" तिने विचारलं. तिच्या आवाजात कुजकेपणा नव्हता, तिला खरोखर वाटलं असावं की काहीतरी कारण असेल. विश्रामने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. एसटी आली म्हणून तो चढला.

पंधरा दिवसांनी, सकाळी शिकवणीच्या आधी, धीरजने मोबाइलवर छापलेल्या तक्त्याचा फोटो पाठवला. कोपऱ्यातलं साल तेवढं बदललेलं. बाकी सगळं त्याच्याच अक्षरात, चव्वेचाळीसाव्या वर्षीच्या ठसठशीत अक्षरात, खाली नाव. विश्रामने चष्मा लावला, फोटो बोटांनी मोठा केला आणि सवयीने महिन्यामागून महिना तपासत गेला. हे काम करायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

एकवीस मे. दुपारची भरती, पाच वाजून दहा.

तो आकडा त्याला ओळखीचा होता. चार वाजून दहा हवं होतं. मूळ वहीत बरोबर होतं, तक्त्यावर उतरवताना हात चुकला होता. दोन हजार सातच्या त्या मे महिन्यात कमलाकांत बाजाराला म्हणून बोईसरला आला, दारातच चपला काढत म्हणाला, "दादा, काल पंचमी. पंचमीची पाऊणपट पावणेचार, वर आपला अर्धा तास. तू पाच-दहा लिवलंस." विश्राम घाबरून वही शोधायला लागला, तर तो म्हणाला, "अरे, होडी नाय अडकली. मी पाणी बगून आत घेतली. कोनाला बोललो नाय." मग पोट धरून हसला. एकदाचा दादाही चुकला म्हणून. दोघांनी मिळून चहा केला होता.

विश्रामने फोन लावला.

"बोला काका. आवडला का?"

"चांगला आलाय. एक चूक आहे. एकवीस मे, दुपारची भरती. पाच-दहा आहे तिथे चार-दहा पाहिजे."

"थांबा, बघतो." कागदाचा आवाज आला. "पण छापून झाले हो. तीनशे. आज वाटायला काढतोय."

"तासाचा फरक आहे. तो चालायचा नाही."

"नाही, नाही, मग करायलाच पाहिजे. पेनाने करून घेतो." जरा थांबून त्याने विचारलं, "काका, पण एकोणीस वर्षं झाली. तेव्हा हे कोणाच्या लक्षातच आलं नाही?"

"एकाच्या आलं होतं."

"कोणाच्या?"

विश्रामने सांगितलं. पलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज आला, कोणीतरी धीरजला हाक मारत होतं.

"तीनशे कागद आहेत," विश्राम म्हणाला. "मी येऊ का? मी केलं असतं."

"एका आकड्यासाठी? छे, छे. दोन पोरी बसवतो, अर्ध्या तासात होईल. बरं झालं सांगितलंत हां."

"पाचचा चार होत नाही नीट," विश्राम म्हणाला. "खोडून बाजूला लिहायला सांग."

"सांगतो," धीरज म्हणाला आणि फोन बंद झाला.

खाली जिन्यावर शिकवणीची मुलं येत असल्याचे आवाज येत होते. विश्रामने टेबलावरून नवा तक्ता उचलला, कॉटवर ठेवला, आणि मुलांना बसायला जागा केली.